महामार्गाला नवी एक्झिट कुठे द्यायची? नाशिकच्या रस्त्यांवरून समजून घेऊ

नाशिकमध्ये मुंबई–आग्रा महामार्गालगत कुठेही कोंडी वाढली की एक मागणी हमखास पुढे येते: इथे महामार्गावरून खाली उतरायला एक्झिट द्या. मागणी करणाऱ्यांचा त्रास खरा असतो. उड्डाणपुलावरून स्वतःच्या सोसायटीची टाकी दिसते, पण तिथे उतरता येत नाही. पुढे जायचं, वळसा घ्यायचा, सिग्नलला थांबायचं आणि मग घर गाठायचं, असं रोज करणाऱ्या माणसाचा जीव मेटाकुटीला येणारच. तरीही ‘जिथे कोंडी, तिथे एक्झिट’ हा हिशेब बऱ्याचदा चुकतो. एक्झिट महामार्गाला मिळते, पण तिचा भार उचलतात खालचे रस्ते. त्यामुळे जागा निवडताना खरा अभ्यास करायचा असतो तो खालच्या रस्त्यांचा. हे अभियंत्यांइतकंच त्या रस्त्यांवर राहणाऱ्या आपल्यालाही कळायला हवं, कारण जागा चुकली तर ती पुढची पंचवीस-तीस वर्षं आपल्याच माथी बसते.

एकाच रस्त्याची दोन कामं

मुंबईकडून विल्होळी ओलांडून आत आलं की गरवारे पॉइंट, पाथर्डी फाटा, मग राणेनगर, लेखानगर, इंदिरानगर, मुंबई नाका, द्वारका आणि गोदावरी ओलांडून आडगाव, असा हा महामार्ग थेट शहराच्या पोटातून जातो. मुंबईकडून येताना डाव्या हाताला अंबडची औद्योगिक वसाहत, सिडको, गोविंदनगर; उजव्या हाताला पाथर्डी, इंदिरानगर, वडाळा. २०१३ मध्ये शहरातला लांब उड्डाणपूल खुला झाला आणि धुळ्याकडे जाणारा ट्रक द्वारकेच्या चौकात न अडकता वरूनच निघून जाऊ लागला.

पण त्याच महामार्गावरून पंचवटीत राहणारा कामगार अंबडला पाळीवर जातो, सिडकोतली मुलगी आडगावकडच्या कॉलेजला जाते, पिकअपवाला भाजी घेऊन बाजार समितीकडे जातो. या लोकांसाठी तो शहरातलाच एक मोठा रस्ता आहे. लांबच्या वाहनाला एक्झिट जितक्या कमी तितकं बरं वाटतं, कारण प्रत्येक एक्झिटपाशी कोणीतरी वेग कमी करतो, कोणीतरी ऐनवेळी लेन बदलतो आणि मागच्याला ब्रेक मारावा लागतो. शहरातल्या माणसाला मात्र दर चौकाला उतरायला मिळालं तर हवंच असतं. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि एक्झिटची जागा ठरवणं म्हणजे मुळात या ओढाताणीत रेघ कुठे मारायची ते ठरवणं.

एका टोकाचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, आणि आत-बाहेर करायचं ते फक्त इंटरचेंजवरून, म्हणजे चढ-उताराच्या ठरावीक जोडांवरून. नाशिककराला तो गाठायचा तर सिन्नरजवळच्या गोंद्याला जावं लागतं किंवा इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला. (मुंबई रस्त्यावरचं कारखान्यांचं गोंदे दुमाला वेगळं. बाहेरगावच्या ड्रायव्हरला पत्ता देताना हे आवर्जून सांगावं.) समृद्धीवरचा वेग टिकतो तो याच कंजूषपणामुळे. अमेरिकेत रूढ असलेला ठोकताळाही असाच आहे: शहरी भागात दोन इंटरचेंजमध्ये किमान एक मैल, म्हणजे साधारण १.६ किलोमीटर, आणि ग्रामीण भागात दोन मैल अंतर असावं. आपल्याकडे फाटे, नाके आणि नगरं इतकी जवळजवळ आहेत की प्रत्येकाला एक्झिट द्यायची म्हटली तर हे अंतर कुठेच सांभाळता येणार नाही. म्हणून निवड करणं भाग आहे.

वाहन कुठून आलं आणि कुठे चाललंय

कोंडीचा फोटो पाहून एवढंच कळतं की वाहनं कुठे थांबली. ती कुठून आली आणि कुठे निघाली होती, हे फोटोत दिसत नाही. एक्झिटच्या जागेसाठी नेमकं तेच हवं असतं.

महामार्गाखालून पलीकडे जाणारा इंदिरानगरचा बोगदा घ्या. संध्याकाळी सात वाजता तिथे उभं राहून पाहिलं तर एका अरुंद तोंडाशी चार दिशांची वाहनं एकमेकांत घुसलेली दिसतात: गोविंदनगरकडून इंदिरानगरला निघालेले, इंदिरानगरकडून शहरात निघालेले, सर्व्हिस रोडने मुंबई नाक्याकडून आलेले आणि सर्व्हिस रोडनेच पाथर्डी फाट्याकडे चाललेले. रिक्षा मध्येच तिरकी होते, दुचाकीवाले उरलेल्या फटीतून पुढे सरकतात, आणि मग कोणालाच मागेही जाता येत नाही. आता यातल्या गोविंदनगर ते इंदिरानगर जाणाऱ्या माणसाने महामार्गावर चाकही ठेवलेलं नसतं. त्याला महामार्ग फक्त ओलांडायचा आहे. त्याच्यासाठी कितीही एक्झिट दिल्या तरी उपयोग शून्य. त्याला बोगदा रुंद हवा किंवा ओलांडायला आणखी एक वाट हवी. एक्झिटचा उपयोग फक्त त्यांना, ज्यांचा प्रवास महामार्गावरून सुरू होतो किंवा महामार्गावर जाऊन पुढे जातो. बोगद्यातल्या गर्दीत असे किती, हे मोजल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

ही मोजणी दोन प्रकारची असते. पहिली, किती वाहनं जातात याची. इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी तिचा जुना दंडक असा आहे की मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास व्हावी आणि वर्षातून निदान दोनदा व्हावी: एकदा सुगी आणि बाजाराच्या ऐन हंगामात, एकदा मंदीच्या दिवसांत. नाशिकसाठी हा दंडक फार मोलाचा आहे. द्राक्षांचा हंगाम चालू असताना न्हावाशेवा बंदराकडे निघालेले रीफर म्हणजे शीत कंटेनर, पिंपळगाव आणि लासलगावचा कांदा, टोमॅटोच्या क्रेट भरलेले पिकअप हे सगळे याच रस्त्यावर येतात. जूनमध्ये चार दिवस मोजून काढलेला आकडा फेब्रुवारीला लागू पडत नाही.

मोजताना प्रत्येक वाहन सारखं धरत नाहीत. मोटार हे एक एकक मानून बाकीच्यांना त्या मानाने वजन देतात. याच संस्थेच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या तक्त्यात दुचाकी ०.५, मोटार १, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५ आणि मोठी बैलगाडी तब्बल ८. शहरातल्या रस्त्यांचे आकडे थोडे वेगळे आहेत, पण तत्त्व तेच. म्हणजे एखाद्या फाट्यावर तासाला ४०० दुचाकी उतरत असतील तर त्यांचा भार २०० एकक. आणि नुसते ६० ट्रक-बस उतरले तरी १८०. अंबडच्या तोंडाशी एक्झिट देणं आणि गोविंदनगरच्या तोंडाशी देणं यात वाहनांची संख्या सारखी असली तरी भार वेगळा असतो, तो यामुळे.

दुसरी मोजणी, कुठून-कुठे याची. पूर्वी रस्त्याकडेला वाहनं थांबवून ‘कुठून आलात, कुठे चाललात’ असं विचारत. आजही विचारतात, पण आता सोबत नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आहेत आणि फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. घोटीचा टोल ओलांडलेलं वाहन ठरावीक वेळात पिंपळगाव बसवंतच्या टोलवर पोचलं तर ते नाशिकमधून आरपार गेलं. नाही पोचलं तर ते बहुधा शहरात उतरलं. एवढ्यावरून बाहेरची वाहनं आणि आपली वाहनं ढोबळमानाने वेगळी काढता येतात. पण आडगाव ते अंबड जाणारा माणूस कुठलाच टोल ओलांडत नाही. तो या आकड्यांत दिसतच नाही, आणि एक्झिटची सर्वांत जास्त गरज तर त्यालाच असते. त्याच्यासाठी शहराच्या आतच चौकाचौकांत कॅमेरे लावून नंबरप्लेट जुळवाव्या लागतात. अहवालात हा भाग आहे का, हे पहिल्यांदा बघावं.

डावीकडे उतरायचं, उजवीकडे जायचं

हा मुद्दा सभांमध्ये फारसा निघत नाही, पण माझ्या मते नाशिकच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपण डाव्या बाजूने वाहन चालवतो, म्हणून एक्झिट डावीकडेच निघते. मुंबईकडून येणारा माणूस राणेनगर-इंदिरानगरच्या पट्ट्यात उतरला तर तो सिडको-गोविंदनगरच्या अंगाला उतरणार. त्याचं घर सिडकोत असेल तर छान. पण घर इंदिरानगरला किंवा वडाळ्याकडे असेल, तर उतरल्यावर त्याला महामार्गाच्या खालून पलीकडे जावं लागेल, म्हणजे पुन्हा त्याच बोगद्यात. तसंच धुळ्याकडून येणारा इंदिरानगरच्या अंगाला उतरेल आणि सिडकोतला असेल तर उलट्या दिशेने बोगद्यात शिरेल.

म्हणजे कोंडलेल्या बोगद्याजवळ एक्झिट दिली तर उतरणाऱ्यांपैकी पलीकडे जाणारे सगळे त्याच बोगद्याच्या गळ्यात येऊन पडतात. समजा तासाला ५०० वाहनं उतरली आणि त्यातली निम्मी पलीकडची निघाली, तर आधीच श्वास अडकलेल्या बोगद्यात आणखी २५० वाहनांची भर पडली. म्हणून एक्झिटची जागा आणि ओलांडायची जागा या दोन्ही एकत्रच ठरवायला हव्यात. ओलांडणी मोकळी असेल तिथे एक्झिट द्यावी, नाहीतर आधी ओलांडणी रुंद करावी आणि मग एक्झिटचा विचार करावा. हा क्रम उलटा झाला की लोकांच्या पैशाने कोंडी विकत घेतल्यासारखं होतं.

रॅम्पच्या पायथ्याशी काय होतं

इथे थोडं गणित करू. अवघड नाही.

रॅम्प उतरून वाहन सर्व्हिस रोडला लागलं आणि पुढे सिग्नल आहे असं धरा. सिग्नल हिरवा असताना किती वाहनं सुटतात, याचं आपल्याकडचं जुनं सूत्र आहे: रस्त्याची रुंदी मीटरमध्ये गुणिले ५२५. सात मीटरच्या, म्हणजे दोन लेनच्या रस्त्यातून सलग तासभर हिरवा दिवा असेल तर ३,६७५ मोटारी सुटतील. पण हिरवा दिवा तासभर नसतो. दोन मिनिटांच्या फेरीत आपल्या वाट्याला ३० सेकंद आले तर एका फेरीत साधारण ३० मोटारी निघतात. रॅम्पवरून तासाला ६०० मोटारी येत असतील, तर दर फेरीला २० येतात आणि ३० जाऊ शकतात. सगळं सुरळीत.

आता त्याच सर्व्हिस रोडची एक लेन अडलेली धरा. कोपऱ्यावर शेअर रिक्षा उभ्या आहेत, त्यांच्या मागे वडापावची गाडी, पुढे दुकानात माल उतरवणारा छोटा हत्ती. हे चित्र नाशिककराला वेगळं रंगवून सांगायला नको. आता फेरीला ३० ऐवजी १५ मोटारी सुटतात. येतात २०, जातात १५, दर फेरीला पाच उरतात. तासात ३० फेऱ्या, म्हणजे तासाअखेर १५० मोटारी रांगेत. एका मोटारीला पुढची-मागची जागा धरून सात मीटर लागतात असं मानलं तर ही एका ओळीत एक किलोमीटरहून लांब रांग झाली.

रॅम्प स्वतः किती लांब असतो? उड्डाणपुलाखाली वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात, वर गर्डर आणि स्लॅबची जाडी दोनेक मीटर धरली तर साडेसात मीटर उतरायचं. दर ३० मीटरला एक मीटर असा सौम्य उतार ठेवला तर २२५ मीटर लागतात, आणि वर-खाली वळणदार जोड धरून तीनशेच्या आसपास. म्हणजे एक किलोमीटरची रांग रॅम्पवर मावत नाही. ती मागे सरकत उड्डाणपुलावर चढते. तिथे मागून ताशी ८० ने येणाऱ्या ट्रकला थांबायला १२० मीटर लागतात, आणि समोर वळणाच्या आड उभी असलेली रांग त्याला तेवढ्या आधी दिसेलच असं नाही. कोंडी कमी करायला दिलेली एक्झिट अशा वेळी अपघाताची जागा बनते.

पाटाचं दार उघडण्याआधी शेतकरी चारी साफ आहे का ते पाहतो, कारण चारी तुंबलेली असेल तर पाणी शेतात न जाता बांध फोडतं. एक्झिटचं नेमकं हेच आहे. मोठ्या प्रवाहाला तोंड देण्याआधी लहान वाट मोकळी आहे ना, हे बघायचं.

म्हणून रॅम्प चौकाला खेटून उतरवू नये. अमेरिकेत टेक्सास राज्यात महामार्गांच्या दोन्ही बाजूंना आपल्यासारखेच लांबलचक सर्व्हिस रोड आहेत. तिथे अनेक ठिकाणी जुनी रचना बदलली गेली. पूर्वी चौकाच्या अलीकडे उतरायचा रॅम्प आणि पलीकडे चढायचा रॅम्प असे. ते उलटवून, आधीचा चौक ओलांडल्याबरोबर उतरायला दिलं. त्यामुळे उतरलेल्या वाहनाला पुढचा चौक येईपर्यंत सर्व्हिस रोडचा मोठा तुकडा मिळतो: रांग तिथे मावते, उजवीकडे वळायचं असेल तर लेन बदलायला वेळ मिळतो. नाशिकच्या भाषेत सांगायचं तर इंदिरानगरसाठी उतरायचं असेल तर इंदिरानगरच्या तोंडाशी उतरवू नका, बरंच अलीकडे उतरवा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण उपयोगी तेच पडतं. मात्र त्यासाठी सर्व्हिस रोड खराखुरा रस्ता हवा, पार्किंगची पट्टी नव्हे.

दोन तोंडं जवळ आली तर

एका ठिकाणी वाहनं महामार्गावर चढतात आणि पुढे थोड्याच अंतरावर दुसरी उतरतात, असं झालं की चढणारे उजवीकडे सरकतात आणि उतरणारे डावीकडे. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. चढ आणि उतार यांत ३०० मीटरच अंतर असेल तर ताशी ७० ने जाणाऱ्या चालकाकडे जेमतेम १५ सेकंद असतात. तेवढ्यात आरसा बघायचा, मागच्या ट्रकचा अंदाज घ्यायचा, फट शोधायची आणि सरकायचं. गर्दीच्या वेळी एका लेनमधून तासाला १,५०० वाहनं जात असतील तर दोन वाहनांमध्ये अडीच सेकंदांपेक्षा कमी अंतर उरतं. नवखा चालक घाबरून थांबतो, आणि मागची सगळी लेन थांबते.

वेग कमी करायलाही जागा लागते. ताशी ८० वरून ४० वर सावकाश यायला ९०-१०० मीटरची वेगळी लेन हवी. ती नसेल तर चालक मुख्य लेनमध्येच ब्रेक लावतो. जमिनीवरच्या पट्ट्यात कठडा तोडून सर्व्हिस रोडला वाट करून दिली जाते तिथे ही लेन बऱ्याचदा नसते, आणि दुभाजकाला पंक्चर पाडलं, म्हणजे तो मध्येच तोडून पलीकडे जायला वाट केली, तर त्याहून वाईट. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात; एका सुटसुटीत डाव्या एक्झिटला मुख्य रस्त्यावर एकच फाटण्याची जागा आणि सर्व्हिस रोडवर एकच मिसळण्याची. पंक्चर पाडलं की हा फायदा हातचा जातो.

थोडीशी वाहनं कमी झाली तरी

इतकं वाचून एक्झिट नकोच असं वाटेल, पण तसं नाही. नीट जागी दिलेली एक्झिट फार मोठा दिलासा देऊ शकते, आणि त्यासाठी फार वाहनं वळवावी लागत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असतात तेव्हा गंगापूर रोड, कॉलेज रोड किती मोकळे वाटतात ते आठवा. रस्त्यावरची अर्धी वाहनं काही गायब झालेली नसतात. रांगांचं सगळ्यात साधं गणित असं सांगतं की तिकिटाची खिडकी ९० टक्के व्यग्र असेल तर सरासरी खोळंबा जेवढा असतो, ती ८० टक्के व्यग्र झाली की तो साधारण निम्म्यावर येतो. क्षमतेच्या काठावर आलेल्या चौकातून शंभरातली दहा वाहनं जरी दुसरीकडून गेली तरी फरक डोळ्यांना दिसतो. पाथर्डी फाट्यावर पाळी सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बस, कामगारांच्या दुचाकी आणि महामार्गावर चढू पाहणारे कंटेनर एकाच वेळी येतात. त्यातले फक्त कंटेनर जरी फाट्याऐवजी गरवारेच्या अंगाने थेट महामार्गाला लावता आले, तर संख्या थोडीच कमी होईल, पण भार बराच. म्हणून एक्झिट असो की चढ, तो कोणत्या वाहनांसाठी आहे हे आधी ठरवलं तर जागा आपोआप निम्मी ठरते.

मात्र नवी वाट मिळाली की लोक सवयी बदलतात. मुंबई नाक्यापर्यंत जाणारे काही जण अलीकडेच उतरून आतल्या रस्त्यांनी निघतील. काल शांत असलेली कॉलनीतली गल्ली आज मधला मार्ग होईल. जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्यावर प्रत्येकाने आपापल्या सोयीचा मार्ग निवडला, तर काही परिस्थितींत सगळ्यांचाच प्रवास लांबतो. नेहमी असं होतं असं नाही, पण होऊ शकतं, आणि म्हणून एका चौकाचा अभ्यास पुरेसा नसतो. पाथर्डी फाटा ते द्वारका हा पूर्ण पट्टा, दोन्ही अंगांच्या आतल्या रस्त्यांसह, संगणकावर मांडून पाहावा लागतो. गल्लीत शाळा असेल, हातगाड्यांचा बाजार असेल, सिटीलिंक बसचा थांबा असेल, तर तेही त्यात हवं. पायी ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रॅम्पवरून वेगात उतरणाऱ्या मोटारीचा अंदाज येत नाही, आणि नकाशावर तो माणूस सहसा काढलेला नसतो.

कुंभमेळ्याचा आकडा धरायचा का?

नाशिकमध्ये कुठलंही मोठं काम निघालं की सिंहस्थाचं नाव निघतं. मागचा कुंभमेळा २०१५ मधला, पुढची पर्वस्नानं २०२७ मध्ये. त्या काळात येणारी गर्दी प्रचंड असते, आणि तिच्यासाठी रस्ते हवेतच. पण कायमच्या एक्झिटची जागा त्या गर्दीवरून ठरवू नये. रस्त्याची रचना करताना वर्षातले सगळे तास वाहनसंख्येनुसार उतरत्या क्रमाने लावतात आणि साधारण तिसाव्या क्रमांकाचा तास धरून आखणी करतात. सर्वांत वरचे काही तास सण, लग्नाची दाट तिथी, अपघात अशा कारणांनी फुगलेले असतात. त्यांच्यासाठी काँक्रीट ओतलं तर ते उरलेलं वर्षभर रिकामं पडतं. पर्वस्नानाच्या दिवसांसाठी बाहेरचे वाहनतळ, तिथून बस, ठरावीक रस्ते एकेरी आणि काही रॅम्प पूर्ण बंद, अशी तात्पुरती व्यवस्था लागते. रोजचा अंबडचा कामगार आणि बारा वर्षांनी येणारा भाविक यांच्यासाठी एकच रॅम्प आखायला गेलं तर दोघांचीही गैरसोय होते.

कोण ठरवतं आणि आपण काय विचारायचं

महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, खालचे बहुतेक रस्ते नाशिक महापालिकेकडे, अंबडमधले औद्योगिक विकास महामंडळाशी निगडित, आणि सिग्नलवर उभा असतो तो शहर पोलिसांच्या वाहतूक शाखेचा माणूस. एक्झिट वर दिली जाते एकाच्या अखत्यारीत आणि कोंडते दुसऱ्याच्या अखत्यारीत, ही आपल्याकडची मोठी अडचण. महामार्गाला जोडणारी वाट काढायला परवानगी लागते; महामार्गांच्या जमिनी आणि वाहतुकीच्या नियंत्रणासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. जमीन घ्यायची झाली तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार अधिसूचना निघते आणि त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यांना २१ दिवसांत हरकत घेता येते. हे २१ दिवस बऱ्याच जणांच्या हातून निसटतात, कारण अधिसूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते.

एखाद्या जागेचा प्रस्ताव आला की नगरसेवकाला, आमदाराला किंवा अधिकाऱ्याला विचारावं: मोजणी कोणत्या महिन्यात, किती दिवस केली? उतरणाऱ्यांपैकी महामार्गाच्या पलीकडे जाणारे किती? सर्वांत वाईट तासात रांग किती मीटर होईल आणि ती कुठे मावेल? सर्व्हिस रोडवरचे रिक्षाथांबे आणि गाड्या कुठे हलवणार, आणि त्या माणसांना पर्यायी जागा देणार का? शेवटचा प्रश्न दयेपोटी नाही. पर्याय दिला नाही तर ते आठ दिवसांत परत तिथेच येतात आणि लेन पुन्हा अडते.

जिथे महामार्ग जमिनीवर आहे तिथे एक सोय आहे, तिचा वापर व्हायलाच हवा. कठड्याची वाट आणि वेग कमी करायची लेन तात्पुरत्या बॅरिकेडने आखून महिनाभर चालवून पाहता येते. ती चुकीची निघाली तर शंभर मीटर मागे-पुढे सरकवता येते. उड्डाणपुलाच्या रॅम्पला ही मुभा नाही, म्हणून त्याआधीचा अभ्यास दुप्पट कसोशीने व्हावा. चाचणीआधी आणि चाचणी सुरू झाल्यावर, दोन्ही वेळा शाळा आणि कारखाने नेहमीसारखे चालू असताना, त्याच ठिकाणी त्याच तासांना मोजावं: बोगद्यातून पार व्हायला किती मिनिटं लागतात, मुंबई नाक्यावर रांग किती, आतल्या गल्ल्यांत वाहनं किती वाढली. आकडे चौकात फलकावर लावावेत. आणि रांग उड्डाणपुलावर चढू लागली तर रॅम्प त्या घटकेला बंद करायचा अधिकार खाली उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाकडे, लेखी स्वरूपात, पहिल्या दिवसापासून असावा.